डबा वाटून खाता का?

सोमवार, ५ जानेवारी

गणिताचा तास बुडाला! हेमांगी मॅडम – आमच्या शाळेच्या नव्या काउन्सेलर – वर्गात आल्या आणि प्रत्येकाला एक लांबलचक प्रश्नावली दिली. "नाव लिहायचं नाही, फक्त रोल नंबर. खरं खरं लिहा, मार्क नाहीत." ‘अडलं तर मी विचारते’, ‘मी गटात काम करते’, असलं काहीबाही. पुढे नेहमी, कधीकधी, कधीच नाही. खूण करायची.

‘मी डबा इतरांबरोबर वाटून खाते.’ कधीच नाही – दिलं ठोकून! माझ्या डब्यात सुकट असते. अर्धा वर्ग जैन. उगाच कुणाला वास नको म्हणून मीच भिंतीकडे तोंड करून जेवते. ‘मी दुसऱ्यांच्या भावनांचा विचार करते.’ नेहमी! दोन्ही खरंच आहे.

शुक्रवार, ९ जानेवारी

रोल नंबर! मी पण किती येडी!

आईला शाळेत बोलावलं. मॅडम म्हणाल्या, "नेत्रा एकटी पडलीय. मिसळत नाही." मी सुकटीचं सांगायला गेले तर – "बघा, लगेच सफाई द्यायला लागते." गप्प बसले तर – "बघा, बोलतच नाही." आता माणसाने करायचं काय? मोरव्याला घरी येईपर्यंत आई रिक्षात डोळे पुसत होती.

सोमवारपासून वर्गातली जिनल माझी ‘बडी’. रोज माझ्याबरोबर जेवणार. त्याचे तिला प्रोजेक्टमध्ये मार्क.

सोमवार, १२ जानेवारी

आईने सुकट बंद केली. बटाट्याची भाजी दिली, शुद्ध शाकाहारी! जिनलने डब्यात बघितलं आणि म्हणाली, "हम आलू भी नहीं खाते." घ्या!

घरी पप्पा भडकले. "आपलं खानं काय चोरीचं हाय?" आई म्हणाली, "पोरीला येडी ठरवतील, त्याचं काय?" दोघं माझ्यावरून भांडले. मी आतल्या खोलीत बसून राहिले.

मंगळवार, १३ जानेवारी

भेंडी.

गुरुवार, २२ जानेवारी

परत भेंडी. वीट आलाय! जिनल थेपला पुढे करते, मी घेते, मॅडम दारातून बघून खूश. वॉशरूमला गेले तरी ही मागे. "तुझे अच्छा लगता है ना मेरे साथ?" हो म्हटलं. नाही म्हणायची सोय कुठे आहे?

आज तिच्या जुन्या मैत्रिणींनी मागच्या बाकावर डबे उघडले. तिने हाक मारली. एकीने वळूनसुद्धा पाहिलं नाही. दुसरी म्हणाली, "मच्छीवाली के साथ बैठती है." मी ऐकलं. जिनलनेही ऐकलं. तिने थेपला मोडला आणि अर्धा माझ्या डब्यात ठेवला. मला असा संताप आला ना! कुणाचा, तेच कळेना.

सोमवार, २ फेब्रुवारी

तोच कागद परत! किती सुधारलो ते मोजायला. या वेळी शहाणी झाले. वाटून खाते – नेहमी. मैत्रिणी आहेत – नेहमी. शाळेत आनंदी असते – नेहमी, नेहमी, नेहमी! खरं लिहून अडकले, खोटं लिहून तरी सुटू दे रे देवा. जिनलही सुटेल, जाईल आपल्या मैत्रिणींकडे.

ती शेजारीच लिहीत होती. फार वेळ लावला तिने.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

मॅडमनी वर्गासमोर माझी पाठ थोपटली. "बघा, किती सुधारली!" सुटले!!

मग मला बाहेर नेऊन हळू आवाजात म्हणाल्या, "जिनल एकटी पडलीय गं. तिने लिहिलंय, माझ्याशी बोलायला कुणीच नाही. सोमवारी तिच्या आईला बोलावलंय. आता तू तिची बडी."

कुणीच नाही. म्हणजे मीसुद्धा नाही. खरंच आहे की! मी एकदा तरी आपणहून बोलले का तिच्याशी?

आईला सांगितलं, सोमवारी भेंडी दे. "तुला तर वीट आलाय ना?" म्हणाली.

म्हटलं, "दे गं. दोघींना पुरेल एवढी दे."