शिबिरात दिलेलं रक्त

बजाजनगर, मंगळवार संध्याकाळ

हात सारखा दंडाकडं जातोय, लस टोचली होती तिथं. आज रक्तपेढीत बोलावून घेऊन तिथल्या बाईंनी हळू आवाजात सांगितलं, शिवजयंतीच्या शिबिरात दिलेलं माझं रक्त एचआयव्हीच्या तपासणीत पॉझिटिव्ह आलंय.

रक्त द्यायचंच नव्हतं मला. पुण्यात एचआयव्हीवरच्या डीएनए लसीच्या प्रयोगात नाव दिलं, तेव्हाच तिथल्या डॉक्टरांनी बजावलं होतं, रक्तदान करू नका. पण मंडळाचा अध्यक्षच मागं सरला तर पोरं काय म्हणतील? गेलो आणि झोपलो खाटेवर.

डॉक्टरांना फोन लावला. म्हणाले, "लसीत विषाणू नसतो. लसीमुळं अंगात तयार झालेल्या अँटीबॉडी तपासणीत दिसतात. उद्या या, खुद्द विषाणू शोधणारी तपासणी करू. घाबरू नका."

बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "व्हय, कळलं. लई विचार नका करू. कांदा चिरून द्या."

कळलं तर मलाही होतं ना? मग चिरताना बोट कापलं, पोरगी फुंकर मारायला धावली, तेव्हा मी एवढ्या मोठ्यानं का ओरडलो, "लांब हो!"

बायकोनं पोरीला उचलून घेतलं. अजून खाली सोडलेलं नाही.