सर्व वाद्यं: आम्ही चौघी

प्रिय ढमे,

तीस वर्षांनी माझं अक्षर बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. आपली गाणारी आता आजी झालीय. नातवाला झोपवायला इतक्या वरच्या पट्टीत गाते, की पोर टक्क जागं राहतं. बेसवाली, म्हणजे माझी मावसबहीण, गुडघ्यांनी बेजार आहे, पण तोंड शाबूत. मी अजून त्याच वाद्यदुरुस्तीच्या दुकानात. गिऱ्हाईक आत येतं, मला बघतं आणि विचारतं, दुरुस्ती करणारे कधी येतील? मी म्हणते, आल्यात की, बोला. सकाळपासून तीनदा लिहायला बसले आणि तीनदा उठले. एकदा गॅस बंद आहे का बघायला, दोनदा उगाचच. स्वस्थ बसवतच नाहीये.

तुला तो पहिला हॉल आठवतो? आपण चौघी खोकी उचलून घामाघूम, आणि मॅनेजर दारात उभा राहून विचारतोय, वाजवणारे कुठायत? तू तुझा मोठा ड्रम सरळ त्याच्या पायावर ठेवलास आणि म्हणालीस, सॉरी काका. त्या संध्याकाळी लोक हसायला आले होते. दोन गाण्यांनंतर हसणं थांबलं, ते तुझ्यामुळे. मी गिटार घेऊन पुढे उभी असायचे, पण माझ्या पाठीला तुझा ठोका लागायचा तेव्हाच माझे पाय जमिनीवर टेकायचे. हे तुला कधी सांगितलं नाही. उलट दर तालमीला, हळू घे गं, पळतेस, एवढंच सांगत राहिले.

मग आपली रेकॉर्ड निघाली. पाकिटामागे मोठ्या अक्षरात छापून घेतलं होतं, सर्व वाद्यं: आम्ही चौघी. का, तर सगळ्यांना वाटायचं, पडद्याआड कोणीतरी पुरुष वाजवत असणार. ती एक ओळ मी आयुष्यभर मिरवली गं. दुकानाच्या भिंतीवरसुद्धा चौकटीत लावली आहे.

आता मन घट्ट करून लिहिते. रेकॉर्डिंग संपलं त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या रेकॉर्डिंगवाल्याने मला एकटीला बोलावलं. त्याला आपण कानसेन म्हणायचो, तोच. म्हणाला, ड्रमवाली धृपदाच्या आधी पळते, बाईच्या हातात दम कुठून असणार, असंच सोडलं तर लोक हसतील. त्याने एक ड्रमवाला आधीच आणून बसवला होता. टेपवर प्रत्येक वाद्याची वेगळी पट्टी, त्यातली एक रिकामी होती. तिच्यावर तो माणूस माझ्या गिटारच्या मागे मागे वाजवत गेला, आणि तुझ्या पट्टीचा आवाज बंद करून टाकला. मी खुर्चीत बसून होते. नको म्हणायला किती वेळ लागतो? मी नको म्हटलंच नाही. मलाही वाटत होतं की तू पळतेस.

रेकॉर्ड ऐकल्यावर तू मला एकदाच विचारलंस, की दुसऱ्या दिवशी मी परत तिथे गेले होते का. मी म्हटलं, नाही गं. तू मान हलवलीस आणि वायरी गुंडाळायला लागलीस. त्यानंतरचे दोन महिने तू स्टेजवर अगदी रेकॉर्डसारखं वाजवलंस, धृपदाआधी थांबून थांबून. मी मूर्ख, खूश झाले, म्हटलं सुधारली! मग तू ड्रम विकलेस. नोकरीच्या वेळा जमत नाहीत म्हणालीस, आणि मी ते मुकाट्याने मान्य केलं. मला तेच सोयीचं होतं.

आता ती रेकॉर्ड पुन्हा काढतायत. काम एका पोरीकडे आहे, माझ्या लेकीच्या वयाची. स्वतः ड्रम वाजवते. लहानपणी तुझं वाजवणं समजून जी रेकॉर्ड घोटली, तिच्यावरच शिकली म्हणे. मंगळवारी तिने विचारलं, मावशी, टेपवर ड्रमच्या दोन पट्ट्या कशा? मी म्हटलं, आठवत नाही. तीस वर्षांनी दुसऱ्यांदा खोटं बोलले. तिने तुझी पट्टी उघडली आणि मशीनच्या टिकटिकीबरोबर लावली. ढमे, पहिल्या ठोक्यापासून शेवटच्यापर्यंत तू तसूभर हलली नाहीस. मग तिने माझी गिटार लावली. प्रत्येक धृपदाआधी सूर बदलताना माझी बोटं अडखळतात, आणि मी मागे पडते. प्रत्येक वेळी. तो माणूस माझ्यासाठी थांबत होता, म्हणून सगळं जुळल्यासारखं वाटलं. आणि नंतर स्टेजवर तूही थांबायला लागलीस, माझी लाज राहावी म्हणून. हो ना?

काल त्या पोरीला सगळं सांगून आले. गाणारीला आणि बहिणीलाही सांगितलं. बहीण फोनवर तोंडाला येईल ते बोलली, गाणारीने फोन ठेवून दिला, ते जास्त लागलं. लोक म्हणतील, बघा, आम्ही सांगत होतो ना, पुरुषच होता. म्हणू देत. पोरगी तुझी पट्टी लावायला तयार आहे, माझी अडखळणारी गिटार तशीच ठेवून, पण तू हो म्हटल्याशिवाय हात लावणार नाही. पुढच्या शुक्रवारपर्यंत कळवायचंय. सोबतच्या चिठ्ठीवर तिचा नंबर आहे, माझ्याशी बोलायची गरज नाही. बोललीस तर शिव्या देण्यासाठी बोल, मी ऐकेन. फक्त एवढं ऐक. तू कधीच पळत नव्हतीस गं. मी मागे पडत होते.

तुझीच (म्हणू ना अजून?)
खुंटी