बेकरीपर्यंत

९ जानेवारी

दाराशेजारच्या भिंतीवर लाल बाण!

सकाळी दूध घ्यायला दार उघडलं, तर दोन माणसं तिपाईवर दुर्बीण लावून आमच्या घराकडे बघताहेत आणि तिसरा रंगाचा डबा घेऊन उभा. "कसली खूण ही?" – "मोजणी आहे, काकू." – "कसली मोजणी?" – "ते नियोजन मंडळात विचारा." झाले चालते! मी हातात रिकामं भांडं घेऊन तशीच उभी.

ह्यांना सांगितलं नाही. बाण काही ह्यांना दिसणार नव्हता. पण वास! पाव आणायला बाहेर पडले ते पायरीवरच थबकले. "रंग काढलाय का गं कोणी?" मी म्हटलं, लॉन्ड्रीवाला पाटी रंगवतोय. खोटं इतकं पटकन सुचलं की माझी मलाच भीती वाटली.

१० जानेवारी

लॉन्ड्रीवाल्याने पाटी रंगवलेली नाही हे ह्यांना कळलंच. रागावले नाहीत, नुसते हसले. रागावले असते तर बरं झालं असतं.

१४ जानेवारी

लॉन्ड्रीवाला बातमी घेऊन आला. गल्लीतून रस्ता काढणार! पलीकडे नवी वसाहत होतेय, ती शहराला जोडायची, आणि जोडायला आमचीच गल्ली सापडली. नकाशा मंडळाच्या कचेरीत लावलाय म्हणे. "वहिनी, तुमच्या पायऱ्या गेल्या, माझं पुढचं छप्पर गेलं. पण गिऱ्हाईक बघा किती येईल!" घाबरलाय की खूश आहे, त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

पायऱ्या गेल्या तर जाऊ देत. मला ह्यांची काळजी आहे. आमच्या गल्लीत सायकलवालासुद्धा "काका, मी आलो हं" म्हणून पुढे जातो. तिथे ट्रक? मोटारी? डोळे गेल्यापासून ही गल्ली म्हणजेच ह्यांचं सगळं. लॉन्ड्रीची वाफ लागली की जरा डावीकडे सरायचं, सुताराच्या भुशाचा वास आला की उतार, मग बेकरी. पाव घ्यायचा, दोन गप्पा मारायच्या, परत. बेकरीपर्यंत एकटे. त्यापुढे मोठा रस्ता, तिथे नाही. हा माझा नियम.

नियम उगाच नाही केला. काचबिंदूने नजर गेली त्याच वर्षी एकटे निघाले होते. मोटारसायकलने उडवलं. हात मोडला. चौघांनी धरून आणलं तेव्हा शर्टाला चिखल, चप्पल एकच, आणि तोंडावर असलं ओशाळं हसू! जन्मभर बस चालवली, कुणाला ओरखडा काढला नाही, आणि त्या माणसाला रस्त्यावरून उचलून आणावं लागलं. ते हसू पुन्हा बघायची माझी ताकद नाही.

१५ जानेवारी

स्वप्नात बस स्वयंपाकघरातून गेली. कंडक्टर मला म्हणाला, पुढे सरका.

२० जानेवारी

मंडळातली बाई आली होती. आमच्या लेकीपेक्षाही लहान असेल. चपला धुळीने माखलेल्या – गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वतः चालून आलेली. मी दारातच फैलावर घेणार होते, पण तिने आधी पाणी मागितलं. पाणी मागणाऱ्यावर ओरडता येत नाही.

बसली आणि नीट समजावून सांगितलं. "काकू, शहर वाढतंच. आम्ही नाही म्हटलं तरी वाढतं. ते कुठून वाढावं एवढंच आम्ही बघतो. नाहीतर ज्याला जिथे वाटेल तिथे तो बांधतो, आणि मग दवाखान्याला जागा उरत नाही." वसाहतीतल्या मुलांना शाळेत यायला केवढा वळसा पडणार, मैदान कुठे राखलंय, उंच इमारती कुठपर्यंत चालतील – सगळं सांगितलं. हा अजून मसुदा आहे. लोकांनी हरकती द्यायच्या, सूचना द्यायच्या, मग सुनावणी, मग मंडळ ठरवणार. एकदा ठरलं की वीस वर्षं तेच.

वीस वर्षं! मी चहा टाकायला उठले.

हे मात्र प्रश्नावर प्रश्न. "बस कुठून येणार?" – डेपोतून निघून वसाहतीत जाणार. "थांबा?" – इथेच काका, तुमच्या दारासमोर. "दारातून निघाल्यावर डाव्या हाताला की उजव्या?" – डाव्या. "फुटपाथला त्या उंचवट्यांच्या फरश्या असतात म्हणे, काठीला लागणाऱ्या?" – "असणार. मीच दाखवल्यात आराखड्यात." असं म्हणताना ती पहिल्यांदा हसली.

मी चहा ओतत होते, तो निम्मा बशीत. ह्यांचा आवाज असा चढलेला मी फार दिवसांत ऐकला नव्हता. घाबरलेत. माणूस घाबरला की असंच बारीकसारीक विचारत सुटतो. मी तर दातांच्या डॉक्टरला पक्कड कुठून आणली तेसुद्धा विचारते.

२२ जानेवारी

"मला तो नकाशा करून दे ना. हाताला लागेल असा."

शिवणकाम करणाऱ्या बाईला काय अवघड! ग्राहकाच्या बॅगेचं जाड कापड उरलं होतं, ते घेतलं. घरांना सुती ठिगळं, बेकरीला मखमलीचा तुकडा, सुताराला गोणपाट. नव्या रस्त्याला काळी लोकर, चांगली दुपदरी – समजू दे किती रुंद आहे तो राक्षस! थांब्याला जुन्या कोटाचं मोठं बटण. शिवताना दोनदा सुई बोटात गेली. तो रस्ता मीच माझ्या हाताने दारात आणतेय असं वाटत होतं.

हे कितीतरी वेळ बोट फिरवत बसले. "थांबा कुठे?" मी बोट धरून बटणावर ठेवलं. "हं," म्हणाले. नंतर कापड घडी करून उशीखाली घातलं.

बघितलंत? उशीखाली. झोपेतही धास्ती.

२५ जानेवारी

डेपोतल्या जुन्या सोबत्याचा ह्यांना फोन. मोठ्याने बोलतो, मलाही ऐकू येतं. "ये की रे एकदा! चहा अजून तसाच घाणेरडा आहे!" मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात घेऊन जाते. हे म्हणाले, "तू मागच्या पावसाळ्यातही म्हणाली होतीस." खरंय. शिवण संपत नाही. आणि बस बदलून तिथवर जायचं म्हणजे ह्यांचा हात धरून चढायचं, उतरायचं... मला धडधडतं. राहून जातं.

२९ जानेवारी

हरकत लिहिली. लेकीला फोनवर वाचून दाखवली. तर म्हणते, "आई, ही हरकत तुझी आहे की बाबांची?"

"आमची दोघांची एकच."

"बाबांना विचारलंस?"

यात विचारायचं काय? आगीत हात घालू का म्हणून कोणी विचारतं? फोन ठेवून दिला. मग राग आला, मग रडू आलं. लांब राहून शहाणपणा सांगायला काय जातंय!

३० जानेवारी

ह्यांना वाचून दाखवली तरीही. पूर्ण ऐकली. मग विचारलं, "तुला एवढी भीती वाटते?"

"वाटते."

लग्न झाल्यापासून वाटतेय. हे गाडी घेऊन निघाले की मी दिवसभर कानात प्राण आणून बसायची. म्हणून तर मोठ्या रस्त्यावरून जाताना हे दोनदा हॉर्न वाजवायचे. म्हणजे आहे गं मी, काळजी नको. सगळ्या गल्लीला माहीत होतं. लॉन्ड्रीवाला अजून त्यावरून चिडवतो.

हे काठीची मूठ चोळत राहिले. मग म्हणाले, "दे मग."

आज मीच मंडळात जाऊन देऊन आले.

६ फेब्रुवारी

अक्षर बघा, कसं वाकडं येतंय!

पाव आणायला गेले ते येईनात. मी बेकरीत गेले – "काका मघाशीच गेले की." कुठे? घरी तर नाहीत! चप्पल न घालता धावले. लॉन्ड्रीवाला मागून ओरडतोय, "वहिनी, काय झालं?" मी थांबलेच नाही.

मोठ्या रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे! बगलेत पाव, काठी पुढे टेकलेली, तोंड गाड्यांकडे. समोरून बस गेली तिचा वारा ह्यांच्या शर्टाला लागला, कॉलर उडाली. मला वाटलं, संपलं.

"इथे काय करताय?"

"ऐकतोय."

"काय?"

"हल्लीची पोरं गिअर फार उशिरा बदलतात गं."

भर रस्त्यात मी हमसून रडले. लोक बघायला लागले. दंड धरून फरफटत आणलं. "अगं, फुटपाथवरच तर होतो," एवढंच म्हणत होते. वाट चुकले असणार. कबूल करायला लाज वाटत असेल.

७ फेब्रुवारी

आजपासून पाव मी आणणार.

१५ फेब्रुवारी

सुनावणी झाली. लांबट खोली, भिंतभर नकाशे, समोर टेबलामागे मंडळाची माणसं. मधोमध अध्यक्ष – म्हातारे, शांत, प्रत्येकाचं ऐकून घेणारे. ती धुळीच्या चपलांची बाई कोपऱ्यात बसून लिहीत होती. लॉन्ड्रीवाला उठला, आधी रस्त्याविरुद्ध बोलला, मग रस्त्याच्या बाजूने, आणि आभार मानून खाली बसला. सगळे हसले. मला हसू येईना.

माझं नाव पुकारलं. माईक हातात धरला तर तो खडखडायला लागला. पण बोलले! मोडलेला हात सांगितला. परवाचं सांगितलं – वाट चुकून मोठ्या रस्त्याशी गेले, बस अंगाला घासून गेली. रस्ता आला तर हा माणूस घरात कोंडला जाईल म्हटलं. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला.

मग ह्यांच्याकडे वळून म्हणाले, "तुम्हाला काही सांगायचंय?"

हे उठले. ताठ उभे राहिले, गणवेशात उभे राहायचे तसे. "साहेब, मी बस –"

"बस चालवायचे, साहेब," मी म्हटलं. "आता दिसत नाही. त्यांच्या वतीने मीच बोलतेय."

हे क्षणभर तसेच उभे होते. मग खाली बसले. मला भीती होती, हे काहीतरी अवघडून बोलतील, सगळ्यांसमोर फजिती होईल. बरं झालं मी सावरून घेतलं.

१६ फेब्रुवारी

हे फारसे बोलत नाहीत. दमले असतील.

२ मार्च

अजून निकाल नाही. गल्लीत मोठी गाडी मागे घेताना पीं पीं वाजलं तरी दचकते. पाव आणताना तोच बाण. खरवडून बघितला, निघत नाही.

१० मार्च

वाचलो!

ती बाई स्वतः सांगायला आली. मंडळाने रस्ता सरकवला. गोदामांच्या मागून जाणार. आमची गल्ली नुसती पायी चालणाऱ्यांसाठी राखली. पुरी वीस वर्षं! मी तिचे दोन्ही हात धरले. लॉन्ड्रीवाला मात्र तोंड पाडून, "म्हणजे बस पण गेली?" – हो, बसही तिकडूनच. थांबाही तिकडेच, दोन मोठे रस्ते ओलांडून. "गोदामातले उंदीर काय कपडे इस्त्री करून घेणार?" म्हणाला. मी त्याला चहा पाजला.

जाताना बाई ह्यांच्यापाशी थांबली. हळूच म्हणाली, "काका, सॉरी." सॉरी कशाला? मला कळेना. हे म्हणाले, "तुमचं काय चुकलं. बघू, वीस वर्षांनी." आणि हसले. मीही हसले.

११ मार्च

ढाराढूर झोपले. उठल्यावर काळजी करायला काही सापडेना, म्हणून चुकल्याचुकल्यासारखं झालं. उद्यापासून ह्यांना पुन्हा पाव आणायला पाठवायला हरकत नाही. बेकरीपर्यंत.

१२ मार्च

ह्यांनी उशीखालचं ते कापड काढून दिलं. "हा आता चुकीचा झाला. रस्ता उसवून टाक." मी कात्री घेऊन बसले. बेकरीची मखमल नवीच्या नवी, सुताराचं गोणपाट तसंच. आमच्या दारापासून थांब्यापर्यंत मात्र कापडाचा पार भुगा झालेला, आणि बटण एका धाग्यावर लोंबकळतंय. म्हटलं, "अहो, हे असं कसं झालं?"

"रोज जायचो ना तिथे," म्हणाले. "सकाळची बस पकडायची, डेपोत जायचं, चहा पिऊन परत यायचं. एकट्याने. घाबरू नकोस, आता नाही जाणार."