बाटल्यांच्या मागचं बारीक अक्षर

११ जानेवारी २०२५
चार महिने कोरे गेले. चूक माझी. बोटांना भेगा होत्या, पेन धरवत नव्हतं — पण नंतर नंतर तेही निमित्तच झालं.
ॲलर्जीच्या पॅच टेस्टचा निकाल आला. दोन दिवस पाठीवर पट्ट्या, आंघोळ बंद. लाल उठलं ते एकच : मिथाइलआयसोथायाझोलिनोन. शाम्पू, लिक्विड सोप टिकावेत म्हणून घालतात. स्पेलिंग चिठ्ठीवर लिहून पर्समध्ये ठेवलं.

१२ जानेवारी
नऊ बाटल्या बाहेर. सॉस आणि विकतचं लोणचंही. सलिल म्हणाला, "अगं, डॉक्टर खाण्याचं काही बोलले का?" नाही बोलले. तरी टाकलं. हे बरं नाही, कळतंय.
रुपालीला बजावलं — भांड्यांना वडीचा साबण, लादीला नुसतं मीठपाणी. "ताई, लादीला फोडणी पण देऊ का?" म्हणाली. हसलो दोघी.

२ फेब्रुवारी
हात स्वच्छ!

२० फेब्रुवारी
पापण्या सुजल्या, गाल लाल. घरात तसली एकही बाटली नाही. मग कुठून?
रुपालीच्या पिशवीत हिरवी बाटली दिसली. "ती वरच्या काकूंची, ताई. तुमच्याकडे नाय वापरत."
"मग माझं तोंड असं का झालं?"
ती भांडी पुरी करून गेली.

२१ फेब्रुवारी
सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं : रुपाली सांगितलेलं पाळत नाही, खोटं बोलते. सलिलने विचारलं, "खात्री आहे?" दुसरं काय असणार?
पाठवण्याआधी दोनदा वाचलं. शुद्धलेखन तपासलं.

२६ फेब्रुवारी
रुपाली येत नाही. वॉचमन म्हणाला, बिल्डिंगमधल्या बाकी तिन्ही घरांनीही तिला काढलं. कळव्याहून इथे बाळकुमला ती याच कामांसाठी यायची.
भांडी मीच घासते, वडीनेच. सूज वाढलीय.

१ मार्च
डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न : "घरात नवीन रंग लावलाय?"
लावलाय. मधल्या खोलीला, पंधरा दिवसांपूर्वी. ऑफिसचं काम तिथेच बसून करते.
"पाण्यातल्या रंगातही हेच असतं. भिंत वाळली तरी काही आठवडे हवेत येत राहतं."
वास नसलेला रंग मीच शोधून आणला. दुकानदाराला तीनदा विचारलं — त्रास नाही ना होणार? चिठ्ठी पर्समध्येच राहिली.

२ मार्च
रुपालीला फोन केला. सगळं सांगितलं, माफी मागितली. तिने ऐकून घेतलं.
"मला काय सांगता, ताई? मी नव्हतं वापरलं, मला माहितीच होतं. ज्यांनी काढलं त्यांना सांगा."
उद्या : तिन्ही घरी स्वतः जाणे.