झाडाखालची शाई

३ डिसेंबर
आज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी माझं आयुष्य बदललं. नेमकी वेळ लिहून ठेवतो, पुढे लागेल. आईने बर्फातून धाग्यांच्या दुकानात बटणं आणायला पिटाळलं होतं. काउंटरवरच्या धागेवालीकडून मी तीन महिन्यांत एकोणचाळीस बटणं नेलीत. घरात तेवढे शर्ट नाहीत. ती म्हणाली, बटणं पुरे की आता, हे करून बघ. हातात कागद ठेवला : 'नाताळसाठी सोपं भरतकाम, सहा वस्तू.' वर म्हणाली, अगदी सोपं आहे, आठ वर्षांची मुलंही करतात.
आठ वर्षांची! मी म्हटलं, सहाच्या सहा आणून देतो.
निघताना ऐकलं. ती मालकीणबाईंना सांगत होती, सव्वीसला सकाळी जाणार, दुसऱ्या शहरात नोकरी लागली, परत येणं होईल न होईल.
तेवीस दिवस. तिला मनातलं सांगायला मी घाबरतो असं नाही. योग्य वेळ आली नव्हती, एवढंच. आता भरतकामातून सांगेन.

५ डिसेंबर
वस्तू पहिली : रुमालाच्या कोपऱ्यात पान. दोरा सुईत जाईना. सुई खराब. बदलली. तीही खराब. ताई म्हणाली, अरे शहाण्या, लडीत सहा पदर असतात, त्यातले दोन काढून घ्यायचे, तू दोरखंड ओवतोयस. मी सांगितलं, माहीत आहे, मी सुईची ताकद बघत होतो.

८ डिसेंबर
पान पूर्ण. मांडीवर ठेवून भरलं. उठलो तर रुमालही उठला. जीन्सला शिवला गेलाय. रुमाल कापून काढला, पान जीन्सवरच राहिलं. बाबा पेपरामागून म्हणाले, कॉलेजची पँट ना ती, चला, कशाला तरी उपयोगी पडली.
कॉलेजचा विषय या घरात बंद, असं मी ठणकावून सांगितलंय. कॉलेज मी तत्त्वासाठी सोडलं. तत्त्व कोणतं ते वेळ आली की सांगेन.
निर्णय : सहा वस्तू म्हणजे दिखाऊपणा. तीन बस्स.

१२ डिसेंबर
भेटवस्तू ठेवायचा मोजा झाला. ताईने विचारलं, भेट आत जाणार कुठून? चारही बाजू शिवल्यात. मजबुतीसाठी.
निर्णय : एकच वस्तू. गोल फ्रेममधलं झाड.

१६ डिसेंबर
धागेवालीने जादूचं पेन दिलं. कापडावर आखायचं, इस्त्री फिरवली की शाई गायब. घरी करून पाहिलं. खरंच गायब!
तिला काय सांगायचं त्याचा मसुदा करायचाच होता. वहीत केला तर ताई वाचते. (ताई, वाचत असशील तर लाज वाटू दे.) कापडावर केला. पुसायचाच होता म्हणून खरं खरं लिहिलं. तत्त्वबित्त्व काही नाही, दोन विषय गेले आणि तिसऱ्या पेपराला मी गेटवरूनच परत फिरलो. बटणांचंही लिहिलं. तू गेलीस की दुपारी चार वाजता मी कुठे जाऊ, हेही. मग इस्त्री. कापड पांढरंशुभ्र. दुसरं कापड नव्हतं, त्याच्यावरच झाड सुरू केलं.

२३ डिसेंबर
झाड नेऊन दिलं. ताईने किंचित मदत केलीय. (खोड माझं आहे.) धागेवालीने विचारलं, तूच केलंस? मी खांदे उडवले. याला खोटं बोलणं म्हणत नाहीत. मालकीणबाईंनी ते दुकानाच्या दाराबाहेर खिळ्याला टांगलं. मी बोलणारच होतो, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. उद्या. आज रात्री पारा उणे बाराच्या खाली जाणार म्हणे. जाऊ दे. आपल्याला काय!

२४ डिसेंबर, सकाळी ९
ताई धापा टाकत आली. म्हणाली, तुझ्या झाडाभोवती अक्षरं उगवलीत.
कडक थंडीत ती शाई परत येते. तसं पेनावर छापलंय. बारीक अक्षरांत! ही ग्राहकांची शुद्ध फसवणूक आहे.
दारापुढे पाच माणसं. बेकरीवाले काका चष्मा कपाळावर चढवून मोठ्याने वाचत होते, गेटपर्यंत पोचले होते. मला बघून म्हणाले, पुढचं लागत नाही रे, तूच वाच. मी ताठ मानेने परत आलो. ताई म्हणेल पळालो. मी झपाझप चालतो.
काचेआड धागेवाली उभी होती. हसत नव्हती.
बाबांनी पेपर बाजूला ठेवला. स्वतः चहा करून माझ्यापुढे ठेवला. हे जास्त वाईट.

२५ डिसेंबर, दुपारी
धागेवालीने ताईकडे फ्रेम परत पाठवली. ताई म्हणाली, खाली उत्तर लिहिलंय, त्याच पेनाने, मी वाचलं नाही. (वाचलंय.) हे तिने दाराबाहेरून सांगितलं, मी अंघोळीत होतो. तेवढ्यात आईने पोराची अब्रू झाकायला कापडावर इस्त्री फिरवली. माझं गेलं, तिचंही गेलं.
आईवर ओरडलो. ती म्हणाली, मला काय माहीत रे, चारचौघांत तुझं हसं झालं ते बघवेना. डोळे पुसायला लागली. माफी मागितली. मी. नोंद असावी.
कापड फ्रीजरमध्ये ठेवलंय, मटारांवर. बाबा म्हणतात, दर पाच मिनिटांनी दार उघडलंस तर पुढच्या नाताळात वाचशील.

संध्याकाळी
उगवलं. 'खोड तुझं आहे, बाकी नाही. लिहिलेलं मात्र सगळं तुझं. आवडलं. पण माझं उत्तर नाही असं आहे. राहिलेले पेपर दे. उद्या साडेसहाची बस. तीन बॅगा आहेत, जड. येशील?'
'नाही' हा शब्द जरा फिका वाटला. परत फ्रीजरमध्ये ठेवून पाहिला. आणखी गडद झाला.
मला हमाल समजते! जाणार नाही. विषय संपला.

२६ डिसेंबर, पहाटे ५.४०
मी हमाल नाही, हे तिला तोंडावर सांगायला जातोय. हातमोजे थंडीसाठी घेतलेत, बॅगांसाठी नव्हे. धुतलेली एकच जीन्स सापडली, पानवाली. बाबांनी माझ्या बुटात परीक्षेचा फॉर्म खोचून ठेवलाय. फेकणारच होतो. सध्या खिशात आहे, बूट घालता यावा म्हणून.
दार धाडकन आपटून जाणार होतो. आई झोपलीय. हळूच लावतो.