तुझ्या भाऊजींनी वळण घेतलं

तात्यापारा, रायपूर
होळीच्या अलीकडचा सोमवार

प्रिय पांडुरंग,

तुला आणि गोदावरीला ताईचे भरभरून आशीर्वाद. गुडघा कसा आहे? तेल गोदावरीकडूनच लावून घेत जा, तू स्वतः लावलंस की निम्मं चादरीला लागतं. आम्ही दोघं ठणठणीत आहोत. माझ्या कपाळावर एक टेंगूळ आहे, त्याची हकीकत पुढे येईलच. घाबरण्यासारखं काही नाही. तुझ्या भाऊजींनी मोटारींच्या शर्यतीत नाव घातलं आहे, इतकंच.

आता नीट बसून वाच. जन्मभर मालगाडीचं इंजिन चालवलेला माणूस निवृत्त झाला की घरात कसा राहतो, हे तू पाहिलं नाहीस. पहिलं वर्षभर हे खिडकीशी बसून होते. बोलणं नाही, भांडणं नाही. (भांडले असते तर मला बरं वाटलं असतं.) झोपेत डावा हात वर जायचा, इंजिनाची शिट्टी वाजवायला. डॉक्टर म्हणाले, मन कशात तरी गुंतवा. मी भाजी निवडायला दिली, तर मेथीची जुडी हातात धरून अंगणाकडे बघत बसले, संध्याकाळ झाली तरी जुडी तशीच.

मग एके दिवशी शेजारचा धर्मपाल यांना शहराबाहेर वसवताहेत ती नवी राजधानी दाखवायला घेऊन गेला. तुला सांगते पांडुरंग, तिथले रस्ते म्हणजे स्वप्नच. सदर बाजारात दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागतं, आणि तिथे एवढा रुंद रस्ता, दुतर्फा झाडं, दिवे, आणि माणूस म्हणशील तर एकही नाही. रस्ते आधी आले आहेत, गाव मागून येणार आहे म्हणे. हे रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि घरी येऊन मला म्हणाले, "पद्मिनी, तिथं रूळच नाहीत. जिकडं वाटलं तिकडं जाता येते." किती दिवसांनी मी त्यांचा आवाज ऐकला! मी पोळी तव्यावर विसरले.

त्यानंतर त्याच सरळ रस्त्यांवर ड्रायव्हिंग शिकणं झालं, लायसन्स झालं (कसं ते विचारू नकोस), आणि आमचा अभिनव पुण्याला नोकरीला जाताना ठेवून गेलेली लाल मारुती रोज पुसली जाऊ लागली. हे हातात पाण्याची बादली घेऊन गाडीभोवती फिरायचे आणि गुणगुणायचे. म्हणून हौशी मंडळींच्या शर्यतीची बातमी धर्मपालने आणली, तेव्हा मला नाही म्हणवेना. धर्मपाल तिथे घड्याळ धरायला होता. नियम एकच कठीण: शेजारी रस्ता सांगणारा जोडीदार हवा. "तूच बस," हे म्हणाले. मी म्हटलं, "मले काय समजते त्यातलं?" तर म्हणतात, "इंजिनावर माझ्या असिस्टंटलेही पहिल्या दिवशी काही समजत नव्हतं."

काल पात्रता फेरी होती. (इथे सगळे तिला 'क्वालिफाइंग' म्हणतात, मीही आता म्हणते.) प्रत्येक गाडीने एकट्याने चक्कर मारायची, दोनदा, त्यातली चांगली वेळ धरायची. त्यावरून येत्या रविवारी कोण पुढे उभं राहणार ते ठरतं. बाकी सगळे पोट्टे, गाड्यांना रंगीत पट्टे, सायलेन्सरचा असा आवाज की माझ्या पोटातला चहा हलला. आमची मारुती त्यांच्यात अशी दिसत होती, जशी लग्नात चुकून शिरलेली शेजारीण.

हिरवा झेंडा पडला आणि आम्ही निघालो. काय सांगू, सरळ रस्त्यावर यांच्यासारखा माणूस नाही. गाडी रेघेवरून जात होती. मला गार वारा लागत होता, पळस फुलले होते, आणि समोर टायर रचून केलेलं वळण आलं. हे शांत होते. वळण जवळ आलं. हे आणखी शांत झाले, लांब हॉर्न दिला, आणि आम्ही टायरांमधून थेट पलीकडच्या पडीक शेतात. (टेंगूळ ते इथलं.) शेत ओलांडून एका तळ्याशी गाडी थांबली.

"वळवलं काहून नाही?" मी ओरडले.

हे खरंच गोंधळले होते. म्हणाले, "वळण तर रूळ घेते."

पांडुरंग, तेव्हा मला उमगलं. या माणसाने आयुष्यभर गाडी हाकली, पण वळवली कधीच नाही! मी रागावणार होते, पण यांनी इंजिन बंद केलं आणि एकदम सगळं निःशब्द झालं. तळ्यात कमळाची पानं, काठावर बगळे, पाण्यात ढग. हे हलक्या आवाजात म्हणाले, "गोंदियाच्या अलीकडं असंच एक तळं लागायचं. जन्मभर पाहिलं. थांबता कधी आलं नाही." मग आम्ही बसून राहिलो. माझ्या पिशवीत चिवडा होता, तो खाल्ला. मला वाटतं आम्ही शर्यतीत आहोत हे दोघंही विसरलो होतो. शेवटी धर्मपाल धापा टाकत आला, "अंकल, फिनिश लाइन उधर है!"

दुसऱ्या फेरीआधी मी विचारलं, तुमचा असिस्टंट काय करायचा? तर तो पुढचा सिग्नल मोठ्याने सांगायचा आणि हे तोच मोठ्याने परत म्हणायचे. मग मीही तसंच केलं. "डावं वळण!" मी ओरडले. "डावं वळण!" हे गरजले, आणि गाडी वळली! "उजवं वळण!" "उजवं वळण!" मारुती नाचत निघाली. इंजिनावर बायकोला नेता येत नसे, म्हणून यांचं काम मी कधी पाहिलंच नव्हतं. काल त्या आवाजात मला ते सगळं दिसलं. रेघ ओलांडली तेव्हा यांचे डोळे ओले होते. माझे काय होते ते सांगत नाही.

आम्ही पात्र ठरलो! शेवटचे, पण ठरलो. रविवारी सगळ्यात मागे उभं राहायचं आहे. यांचं म्हणणं, पुढचे पोट्टे पहिल्याच वळणावर एकमेकांत अडकतील आणि आपण मागून मोकळ्या रस्त्याने शांतपणे निघून जाऊ. रात्रंदिवस हेच चाललंय. कप कुठे ठेवायचा तेही ठरलं आहे, देवघराशेजारी.

गोदावरीला सांग, लोणच्याची बरणी रिकामी झाली.

तुझी,
पद्मिनीताई

ता. क. पत्राचं खरं कारण लिहायचं राहिलं. गाडी अभिनवची, आणि तो जाताना बजावून गेलाय, "मम्मी, पापा को चाबी मत देना." रविवारी सकाळी तो नेमका फोन करतो. तर त्याआधी तूच त्याला फोन लाव आणि तुझ्या संत्र्यांच्या बागेबद्दल सांगायला लाग. हल्ली तुला कमी ऐकू येतं, तेव्हा तो मध्ये काही बोलला तरी तुझं थांबणार नाही.

ता. क. दुसरा. संत्र्यांचं राहू दे. पाकीट चिकटवताना अभिनवचाच फोन आला. कुणीतरी त्याला आमच्या फेरीचा व्हिडिओ पाठवलाय. पोरगं चिडलं नाही, एवढंच विचारलं, "मम्मी, स्टेयरिंग पर चार हाथ क्यों दिख रहे हैं?" हे तेव्हा अंगणात धर्मपालला वळण कसं घ्यायचं ते समजावून सांगत होते. मी आवाज खाली करून म्हटलं, "त्यातले दोन माझे. पण पप्पांना फोन देते, त्यांना विचार, एवढं मस्त वळण घेतलं कसं."

आणि त्याने विचारलं रे.