सुवेज बंद, व्याही मुक्कामी

तुळजापूर,
ता. ४ फेब्रुवारी १९५७

तीर्थस्वरूप दाजी यांच्या चरणी धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे दत्तूचा, दुरूनच वाकून नमस्कार. (जवळ येऊन वाकावं अशी कंबर आता राहिलेली नाही. का, ते पुढं येईलच.) इथं आम्ही सगळी देवीच्या कृपेनं जिवंत आहोत, खुशाल आहोत असं लिहिणार होतो, पण तुमच्यासारख्या वडीलधाऱ्या माणसाला खोटं लिहवत नाही. तुमचा गुडघा कसा आहे? ताईचा खोकला थांबला का? तिला म्हणावं, अडुळशाचा काढा नुसता करून ठेवू नकोस, पीत पण जा.

शारदेच्या लग्नाला तुम्ही आला नाहीत याचा राग नाही. तुमची तार पोचली. एकच शब्द होता, तोही लग्नानंतर तिसऱ्या दिवशी आला. पण तार उशिरा येण्यामागंही इंग्लंड-फ्रान्सचाच हात आहे असा खुलासा आमच्या व्याह्यांनी केला, तेव्हा तुम्ही निर्दोष ठरलात. मात्र लग्न कसं झालं ते तुम्हाला कुणी सरळ सांगितलं नसणार, म्हणून आज कचेरीतून रजा घेऊन सविस्तर लिहितो आहे.

आमचे व्याही विष्णुपंत भालकीचे. निजामाच्या राज्यात पेशकार होते. राज्य गेलं, पेशकारी गेली, आवाज तेवढा राहिला. एकुलता एक मुलगा श्रीनिवास दोन वर्षं विलायतेत शिकायला होता. काय शिकतो असं विचारलं की विष्णुपंत नुसतं "केमिष्ट्री" म्हणत आणि विषय बदलत. मुलगा ऑक्टोबरच्या पंचवीस तारखेला आगबोटीत बसला, नोव्हेंबरच्या मध्याला मुंबईत उतरणार होता, आणि बावीस तारखेचा मुहूर्त धरला होता. हुंडा, मानपान सगळं ठरलं होतं. माझ्यासारख्या तहसिलीतल्या कारकुनाला झेपेल एवढंच ठरलं होतं, हे लक्षात ठेवा.

तेवढ्यात तिकडं इजिप्तवर विमानं गेली, कालव्यात जहाजं बुडवली गेली आणि वाट बंद झाली. आमच्या जावयाची बोट अर्ध्या वाटेवरून मागं फिरली आणि सगळ्या आफ्रिकेला वळसा घालायला निघाली. त्याच आठवड्यात आपला जिल्हा हैदराबादेतून मुंबई राज्यात आला आणि त्यांचं भालकी म्हैसूर राज्यात गेलं. म्हणजे मुलगा समुद्रावर, बाप परराज्यात आणि मुलगी माझ्या घरात. अशा वेळी शहाणा माणूस आपल्या घरी बसून वाट बघतो. विष्णुपंत पाच नोव्हेंबरला बायको, दोन ट्रंका आणि एक काठी घेऊन माझ्या दारात उतरले. देवीचा नवस फेडायला आलो म्हणाले. नवस दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता फिटला.

पहिल्याच जेवणात त्यांनी मला सुवेज समजावून दिला. ताटात भाताचे दोन ढीग केले, मधे बोटानं खाच पाडली; ती नहर. (कालवा म्हणायला ते तयार नाहीत. कालव्यातून पाणी जातं, नहरेतून साम्राज्यं जातात, असं त्यांचं म्हणणं.) वरच्या अंगाला वरण ओतून भूमध्य समुद्र केला, त्यावर तूप मागवलं, आणि खाचेत बटाट्याची फोड रोवून म्हणाले, "झाली नहर बंद! आता बोला दत्तोपंत, इंग्रज काय करणार?" इंग्रजांनी काही करायच्या आत त्यांनी इजिप्त खाऊन टाकला आणि पुन्हा भात मागितला. हा धडा रोज दोन वेळा झाला. आमची ही वाढून वाढून थकली, पण युद्धबंदी झाली तरी त्यांच्या ताटातली लढाई थांबेना.

दुपारी ते वाचनालयात जात. तिथं एकच वर्तमानपत्र येतं, तेही एक दिवस शिळं. ते पहिल्यांदा हातात घेऊन शेवटच्यांदा खाली ठेवायचं, आणि मधल्या वेळात मोठ्यानं वाचून प्रत्येक राष्ट्राची कानउघाडणी करायची, असा क्रम. आठ दिवसांत गावात त्यांना मान मिळायला लागला, आणि दाजी, गावाची अब्रू जायला एवढं पुरेसं आहे. ज्याला त्याला सुवेज कळायला लागला. आमचा वाणी महालिंगप्पा तर सगळ्यात आधी शहाणा झाला. कंदिलाचं ग्यासतेल महाग केलं, ते मी समजू शकतो. लग्नासाठी नारळ आणायला गेलो तर नारळही महाग.

"अहो महालिंगप्पा, नारळ इथलाच. तो काय इजिप्तहून येतो?"

"न्हाय मालक, येत न्हाय," तो शांतपणानं म्हणाला. "पर तुमच्या व्याह्यांनीच सांगितलं न्हवं, समद्या जगाचा बाजार एकच हाय म्हणून? मग माझा नारळ काय जगाच्या भाईर हाय व्हय?"

मी चढा भाव देऊन नारळ आणले. आमच्याच घरचा माणूस आमच्याच विरुद्ध साक्षीला उभा, मग वाद कुठं घालणार?

बावीस तारखेचा मुहूर्त गेला. त्या दिवशी दरबान नावाच्या आफ्रिकेतल्या बंदरातून श्रीनिवासची तार आली, खुशाल आहे, उशीर होईल. शारदा कन्याशाळेत भूगोल शिकवते हे तुम्हाला ठाऊकच आहे. तिनं शाळेतला नकाशा आणला, दोरा लावून मैल मोजले आणि सांगितलं, डिसेंबरच्या आठ तारखेच्या आसपास बोट मुंबईला लागेल. विष्णुपंतांनी तो नकाशा हातात घेतला, उलटा धरला आणि म्हणाले की मुलींनी राजकारणात पडू नये. मग त्यांनीच एक तोड काढली. पूर्वीच्या सरदारांत नवरदेव मोहिमेवर असला की त्याच्या तलवारीशी लग्न लावत, तसं करू. माझ्याकडं तलवार नाही म्हणालो, तर म्हणाले, काठी चालेल. रक्कम मात्र रोख लागेल.

आता जे लिहितो ते ताईला वाचून दाखवू नका. डिसेंबरच्या दोन तारखेला त्यांनी मला ओसरीवर बसवलं आणि गंभीरपणे बाजाराचं शास्त्र सांगितलं. नहर बंद, त्यामुळं विलायतेहून मुलगे येणं बंद. या लग्नसराईत सगळ्या मराठवाड्यात विलायतेहून उतरणारा मुलगा बहुधा एकच, तो त्यांचा. माल कमी, मागणी तीच. तेव्हा भाव चढणारच. शिवाय बोटीचा वळसा पडला त्याचं जादा भाडं. एकूण एक हजार रुपये वर, आणि एक मनगटी घड्याळ. "यात माझं काही नाही दत्तोपंत," म्हणाले, "ही जागतिक परिस्थिती आहे."

दाजी, त्या माणसाला तिथंच ओसरीवरून खाली उतरवायला पाहिजे होतं. मी काय केलं? मी हो म्हणालो. धनुर्मास तोंडावर आला होता, तेरा तारीख धरली होती, तिच्यानंतर मुहूर्त नव्हता, पत्रिका वाटून झाल्या होत्या, आणि मोडलेल्या लग्नाची मुलगी म्हणून शारदेकडं कुणी बोट दाखवेल या विचारानं माझी बोबडी वळली. हिनं हातातल्या पाटल्या उतरवून फडक्यात बांधल्या. त्या रात्री पानावर भाकरी वाढताना आईचे मोकळे हात शारदेनं बघितले. बघितले आणि मान खाली घालून जेवली. मला वाटलं, पोरीला कळलं नाही.

श्रीनिवास दहा तारखेला सकाळी सोलापूरच्या मोटारीनं आला. पार वाळलेला, दाढी वाढलेली, सामान दुसऱ्याच बोटीवर गेलेलं, हातात फक्त एक पिशवी. त्याच्या आईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि पदर डोळ्याला लावला. (त्या माउलीचा आवाज आम्ही तोवर ऐकलाच नव्हता.) विष्णुपंतांनी विचारलं, "आफ्रिकेत सोनं स्वस्त असतं म्हणे. आणलंस का?"

दुपारी जेवणं झाल्यावर मी पाटल्यांचं फडकं घेऊन सोनाराकडं निघालो, तर शारदा ओसरीवर आली आणि सगळ्यांसमोर सरळ त्या मुलाला म्हणाली, "कालवा बंद पडल्यामुळं तुमचा भाव हजार रुपयांनी वाढलाय, असं तुमचे वडील म्हणतात. तुम्हाला हे माहीत आहे का?"

तो गोंधळला. "कसला भाव?"

"तुमचा. बोटीचं जादा भाडंही त्यातच धरलंय. बाबा आता आईच्या पाटल्या विकायला निघालेत."

दाजी, मी ते फडकं पाठीमागं लपवलं. पन्नाशीच्या माणसानं चोरी सापडल्यासारखं उभं राहावं! श्रीनिवासचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. तो वडिलांकडं वळला आणि म्हणाला, "बोट कंपनीनं एक पैसा जास्त घेतला नाही. उलट तीन आठवडे फुकट जेवायला घातलं." मग शारदेला म्हणाला, "तुम्हाला अजून एक गोष्ट माहीत नसणार. मी केमिस्ट्री शिकलो ती चामडं कमावण्याची. कानपूरच्या एका कारखान्यात नोकरी ठरलीय. आमच्या घरच्यांनी हे तुमच्यापासून लपवलेलं दिसतंय. हे ऐकूनही मी चालणार असेन, तर मला काहीच नको. नसेन चालत, तर मी आजच्या मोटारीनं परत जातो."

विष्णुपंत ओरडले, पेशकारकुळाची अब्रू गेली. आणि दाजी, लाज वाटते पण लिहितो, माझ्याही कपाळाला आठी पडली. पूजेअर्चेचं घर आपलं, जावई काय करतो म्हणून लोकांना सांगायचं? शारदेनं माझी आठी बघितली.

"बाबा," ती म्हणाली, "तुमच्या पायात काय आहे?"

मी खाली बघितलं. सोनाराकडं जायला नवे जोडे घातले होते.

तेरा तारखेला अंगणात लग्न झालं. घड्याळ नाही, हजार नाहीत, आणि ठरलेला हुंडाही श्रीनिवासनं घेऊ दिला नाही. पाटल्या हिच्या हातात परत गेल्या. विष्णुपंत मागच्या खोलीत रुसून बसले होते; पंगत बसल्याचं कळताच आले, दोनदा वाढून घेतलं आणि पुन्हा रुसायला गेले. सोळा तारखेला मुलगा-सून कानपूरला निघाली. मोटार सुटायच्या वेळी विहीणबाई स्वतःची ट्रंक घेऊन बाहेर आल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "मी पोराबरोबर जाते. तुमचं राजकारण आटपलं की या." तीस वर्षांच्या संसारात हे त्यांचं सगळ्यात लांब बोलणं असावं. मोटारीत चढताना हसत होत्या.

राजकारण आटपलेलं नाही. आज फेब्रुवारीची चार तारीख, आणि विष्णुपंत माझ्या घरात आहेत. भालकीला जायला ते तयार नाहीत, कारण म्हैसूर सरकार त्यांच्या पेन्शनीचं काय करणार हे अजून स्पष्ट नाही. कानपूरला जायला तयार नाहीत, कारण तिथं चामडं आहे. नहर मोकळी झाल्याशिवाय जगात शांतता नाही आणि शांतता नसताना प्रवास करणं मूर्खपणाचं, असं त्यांचं धोरण आहे. आता रोज सकाळी मला बसवून तळातली जहाजं कशी उपसतात ते दाखवतात, आणि त्यासाठी घरातली जड भांडी मला उचलायला लावतात. कंबर गेली ती यातच. मोठ्या राष्ट्रांचा मला एरवी काही राग नव्हता दाजी. पण चार-दोन राष्ट्रांनी एका कालव्यासाठी मारामारी करावी आणि तिचा खर्च तुळजापूरच्या एका कारकुनाच्या स्वयंपाकघरातून निघावा, हा कुठला न्याय? ज्यांनी विमानं पाठवली त्यांना कुणीतरी माझं रेशनकार्ड दाखवा.

असो. ताईला साष्टांग नमस्कार. मुलांना आशीर्वाद.

तुमचा आज्ञाधारक,
दत्तू

ता. क. तुमच्याकडं नवा रेडिओ आला आहे, तो तिन्ही वेळा बातम्या सांगतो, असं परवा माझ्या तोंडून विष्णुपंतांसमोर निघून गेलं. (निघून गेलं असं लिहितो आहे, खरं तर दोन दिवस त्याचीच तयारी करत होतो.) ते लगेच ट्रंक भरायला लागले. भालकीची गाडी तुमच्या सोलापूरहूनच धरावी लागते, तेव्हा एक दिवस तुमच्याकडं थांबतील असं ठरलं आहे. तो एक दिवस कालवा उघडेपर्यंत चालेल, तेव्हा दाजी, त्यांना ठेवून घ्या. मी तुमच्याकडं आजवर काही मागितलेलं नाही.

ता. क. दुसरा. तार करून नको म्हणू नका. उपयोग नाही. हे पत्र घेऊन तुमच्या दारात जे उभे आहेत, ते तेच. पाकीट लाखेनं बंद करून दिलं आहे. लाख फुटलेली दिसली तर समजून घ्या.

ता. क. तिसरा. विष्णुपंत, लाख फोडून इथवर आलाच आहात, तर पाकिटात एक दुसरा छोटा कागद आहे तो बघा. भालकीच्या गाडीची वेळ त्यावर लिहिली आहे. तो कागद दाजींसाठी नव्हताच, तुमच्यासाठी घातला होता. आणि तुमचा मुलगा कानपुरात खुशाल आहे, तुमच्या मंडळींची तब्येतही सुधारली आहे. पत्रं तीन आली. तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून सांगायचं राहून गेलं.